बारा हजार तीनशे किलोमीटर, साडेआठ तास

३ फेब्रुवारी, सकाळ

ढब्बू,

अक्षर ओळखलंस ना? मग लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

पन्नाशीच्या माणसाला ढब्बू म्हणतेय याचा राग येईल, तर येऊ दे. मला तुझं दुसरं नाव तोंडात बसत नाही. पत्ता आत्याने दिला. ती फोन नंबरही द्यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. फोनवर तू नुसतं ‘हॅलो’ म्हणशील, मला सात वर्षांचं सगळं एकदम आठवेल आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटेल. मग कामाचं राहूनच जाईल. पत्राचं कसं, खोडता तरी येतं. हे तिसरं लिहितेय. पहिली दोन खोडून खोडून काळी झाली.

तर काम असं. मला रक्ताचा कॅन्सर झालाय. लिहून टाकला एकदाचा शब्द. चार महिने झाले. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग पायांवर निळे डाग. मी म्हटलं, ऑफिसात टेबलाला आपटलं असेल. तुझे भावोजी म्हणाले, रोज दोन्ही पाय एकाच टेबलाला कसे आपटतात? त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, पण दिसतं बरोबर. त्यांनीच ओढत नेलं डॉक्टरकडे.

औषधांचे दोन हप्ते झाले. केस गेले. डेपोतल्या कंडक्टर बायकांनी मिळून लोकरीची टोपी विणून दिली. ती घालून मी जानेवारीपर्यंत कामावर गेले, कारण उन्हाळी वेळापत्रक माझ्याशिवाय कुणाला लावता येत नाही. साठ गाड्या, तीनशे दहा फेऱ्या, कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबणार, सगळं या टकल्या डोक्यात. आता मात्र डॉक्टरीणबाईंनी घरी बसवलंय. खोकणाऱ्या माणसाच्या जवळसुद्धा जायचं नाही.

त्या म्हणतात, आजार दबलाय, गेलेला नाही. पुन्हा उसळणार. त्याआधी दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज, त्याला ते मॅरो म्हणतात, माझ्या अंगात घातला तर मी वाचेन. नाही घातला तर नाही वाचणार. इतकं सरळ सांगितलं त्यांनी. मलाही सरळ सांगितलेलं आवडतं.

पण हा मॅरो कुणाचाही चालत नाही. जुळावा लागतो. आईबाबा गेले. आम्हाला मूल नाही. सख्खा म्हणून तू एकटा उरलास. भावंडांचं गणित असं आहे की चारात एकदा पूर्ण जुळतं, दोनदा अर्धं जुळतं आणि एकदा काहीच जुळत नाही. अर्धं असलं तरी डॉक्टरीणबाई चालवून घेतील. म्हणजे चारातल्या तीन फेऱ्या आपल्या आहेत.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणशील. म्हण. पण मग गाढव कोण ठरलं तेही बघ.

तुला करायचंय फार थोडं. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची आणि पाठवायची. दुखत नाही. सोबत एका मुलीचा नंबर आणि ईमेल देतेय. इस्पितळात हे सगळं जुळवून आणायचं काम तिचं आहे. सदा छातीशी फाइल धरून पळत असते, म्हणून मी तिला फाइलवाली म्हणते. तिला कळव, ती काडी पाठवेल. माझ्याशी बोलायची तुला गरजच नाही.

मागचं मी काही विसरलेले नाही. तूही विसरला नसशील. ते तिथेच राहू दे. मी तुझ्याकडे फक्त मगज मागतेय.

ताई

१२ फेब्रुवारी, दुपार

ढब्बू,

नऊ दिवस झाले. कुरियरला सहा दिवस लागतात, म्हणजे माझं पत्र तुझ्या हातात पडून तीन दिवस झाले. मी फाइलवालीला रोज विचारते. ती म्हणते, दात्याबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही. दाता! गालावरून काडी फिरवायला तीन दिवस लागणारा दाता.

काल पुन्हा ताप आला. तुझे भावोजी रात्रभर खुर्चीत बसून होते. सकाळी चहा करायला गेले आणि दुधाऐवजी पाण्याचंच भांडं दोनदा उकळलं. मी हसले तर रडायला लागले. साठ वर्षांचा माणूस, ओट्याशी उभा राहून रडतोय, आणि मी त्याला जवळ घेऊ शकत नाही, कारण त्याला सर्दी झालीय. हे तुला कळावं म्हणून लिहिते. कळलं तर.

मला मरायचं नाहीये रे. लोक काय काय म्हणतात, सगळं बघून झालं, आता कधीही डोळे मिटले तरी चालतील वगैरे. माझं काहीही बघून झालेलं नाही. मला भीती वाटते. आंघोळीला गेले की दाराची कडी लावत नाही, आतच पडले तर काय. अशी मी नव्हते, तुला ठाऊक आहे.

आणि मग मला बाबांचा मंगळवार आठवतो. आठवायचं नाही असं ठरवलं होतं, पण आठवतो. पहाटे चारला मी तुला फोन केला. बाबांना इस्पितळात आणलंय, जास्त आहे, असशील तसा ये. थोड्या वेळाने तुझा मेसेज आला, ‘बावीस दहाची फ्लाइट मिळाली. सहा चाळीसला उतरतो.’ पहाटे चार ते रात्री दहा दहा. अठरा तास दहा मिनिटं. विमान साडेआठ तासांचं. बाबा संध्याकाळी साडेसातला गेले आणि तू बुधवारी सकाळी बॅग घेऊन दारात उभा. सकाळच्या विमानाने निघाला असतास तर भेटला असतास. मी भरल्या घरात तुला विचारलं, अठरा तास काय करत होतास? तू उत्तर दिलं नाहीस. आजपर्यंत दिलेलं नाहीस.

बापाच्या वेळी अठरा तास बसून राहिलास. माझ्या वेळी किती बसणार आहेस, तेवढं कळव. म्हणजे त्याप्रमाणे मरेन.

ताई

२० फेब्रुवारी, सकाळ

ढब्बू, अरे ढब्बू,

ते बारा तारखेचं पत्र वाचलं असशील तर विसर, नसेल वाचलं तर तसंच चुलीत घाल. माझ्या जिभेला हाड नाही हे जगजाहीर आहे, पण लेखणीलाही नाही हे मलाच नवीन कळलं.

काल तपासणीला गेले होते. मी नेहमीप्रमाणे फाइलवालीचं डोकं खाल्लं. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘मला सांगायची परवानगी नाही, पण तुमचं तोंड बघवत नाही आता. नमुना आलाय. तुमच्या भावाने दहा तारखेलाच दिला.’

दहा! म्हणजे पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. काडी इथून यायची वाट बघत बसला नाहीस, तिथल्याच इस्पितळात जाऊन देऊन आलास. आणि बारा तारखेला मी इथे बसून काय काय खरडत होते! तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मारलं असतं, पण आजकाल जरा लागलं तरी निळं होतं.

तिने अजून एक सांगितलं. तू तिला फोनवर विचारलंस म्हणे, ‘जुळलं तर मॅरोची पिशवी पाठवता की मी स्वतः येऊ?’ आणि वर म्हणालास, ‘ताईला सांगू नका, नाहीतर ती लगेच वेळापत्रक करायला बसेल.’

बसलेच आहे. मग काय करू? निकाल यायला दहा-बारा दिवस लागणार. नुसतं छताकडे बघून दिवस जातो का? फाइलवाली म्हणते पिशवी बाहेर काढल्यापासून बहात्तर तासांत माझ्या अंगात गेली पाहिजे. एक माणूस तिचा डबा हातात धरूनच आणतो, सामानात टाकत नाही, विमानतळावरच्या एक्स-रे मशीनखालून जाऊ देत नाही. मी पट्टी-पेन्सिल घेऊन तक्ता आखला. इस्पितळ ते विमानतळ दोन तास, विमानतळावर तीन, विमान साडेआठ, इथे उतरल्यावर कागदपत्रं दोन, रस्ता एक. साडेसोळा तास. बहात्तरातून साडेसोळा गेले, साडेपंचावन्न तास हातात. मी म्हटलं, अरे, एवढ्या वेळात तर डबेवाला वाटेत उतरून मावशीला भेटून येईल.

किती दिवसांनी भूक लागली आज. तुझे भावोजी दोनदा येऊन बघून गेले, ही गुणगुणतेय का म्हणून. दुपारी तक्ता फाइलवालीला दाखवते. हे पत्र जातानाच टाकते.

ताई

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

ढब्बू,

हे पत्र मी टाकणार नाहीये. लिहिते, कारण नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

दुपारी फाइलवालीने तक्ता बघितला. म्हणाली, ‘किती सुबक केलंय हो. पण हे विमानाचे साडेआठ तास कुठून आणलेत?’

मी म्हटलं, ‘कुठून म्हणजे? बावीस दहाला सुटतं, सहा चाळीसला पोचतं. वजाबाकी येते मला.’

‘अहो, बावीस दहा तिथल्या घड्याळात. ते साडेसात तास पुढे आहे. तिथे बावीस दहा होतात तेव्हा इथे दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झालेली असतात. विमान सोळा तासांचं आहे.’

‘मला वेळापत्रक शिकवू नका,’ मी म्हटलं. आणि हे वाक्य मी आधी कुणाला म्हटलं होतं ते मला त्याच क्षणी आठवलं. तू दारातून आत आला होतास. बॅगही खाली ठेवली नव्हतीस. ‘ताई, तिथले दहा म्हणजे’ एवढंच बोललास आणि मी तुझं बोलणं तोडलं.

त्या मुलीने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. दोन विमानतळ, मधे एक वाकडी रेघ आणि रेघेवर आकडा. बारा हजार तीनशे किलोमीटर. मी तिथेच तोंडी भागाकार केला. साडेआठ तासांनी भागलं तर ताशी साडेचौदाशे पडतात. ढब्बू, आमच्याकडे एखाद्या ड्रायव्हरने चाळीस किलोमीटर वीस मिनिटांत मारले असं लिहून दिलं, तर मी त्याला समोर उभा करते. अंतर बघितल्याशिवाय वेळ लिहायची नाही, हे नव्या आलेल्या प्रत्येक क्लार्कला मी पहिल्या दिवशी बजावते. तुझ्या प्रवासाचं अंतर मी सात वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतंच. मी सकाळी चहा घेत असायचे आणि तू फोनवर सांगायचास, ऑफिस सुटलं, घरी चाललोय. पण कागदावर वेळ आली की माझ्यासाठी घड्याळ एकच, डेपोच्या भिंतीवरचं. एकतीस वर्षं त्याच घड्याळाने लिहिलंय. त्या दिवशीही तसंच वाचलं. आणि ताई वेळेत चुकत नाही, म्हणून घरातल्या एकानेही ती वजाबाकी पुन्हा करून बघितली नाही.

आता नीट मांडते. मी पहाटे चारला फोन केला तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. विमान बावीस दहाला. मधे दहा तास चाळीस मिनिटं. त्यात रजा, तिकीट, कपडे, दोन तासांचा रस्ता आणि तीन तास आधी हजेरी. म्हणजे तू उठलास आणि निघालास. माझी बेरीज बरोबर होती, सव्वीस तास चाळीस मिनिटं. फोड चुकली. तू हवेत काढलेले तास मी बसून राहिल्याचे म्हणून तुझ्या माथी मारले, आणि तेही दहा माणसांसमोर.

हे एवढंच असतं तरी मी कान धरून मोकळी झाले असते.

बाबा दुपारी साडेतीनला शुद्धीवर आले होते. मी चमच्याने पाणी पाजत होते. विचारलं, ‘निघाला का गं तो?’ मी मोबाइलवर तुझा मेसेज बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हटलं, ‘नाही अजून. रात्री दहाला निघणार आहे.’ पाचला पुन्हा विचारलं. मी तुझ्यावर चिडलेली होते, दोन दिवसांची जागलेली होते. म्हटलं, ‘बाबा, पाच तास आहेत अजून. त्याला कसली घाई?’ तू रात्री दहाला निघणार असं बाबांना सांगितल्याचं मी दुसऱ्या दिवशी भरल्या घरात तुला ऐकवलं, पण ‘त्याला कसली घाई’ म्हटल्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, भावोजींनासुद्धा नाही. बाबा ‘बरं’ म्हणाले. मग काही विचारलं नाही त्यांनी. साडेसातला गेले.

साडेतीन वाजता तू विमानात होतास. सुटून पन्नास मिनिटं झाली होती. पाच वाजता सव्वादोन तास उलटून गेले होते. ‘निघालाय बाबा, वाटेत आहे’ एवढंच मला म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि ते मी म्हटलं नाही. बाबा हेच धरून गेले की मुलाचा पाय घरातून निघाला नाही.

घरी येऊन आत्याला फोन केला. म्हटलं, आत्या, माझ्या हातून फार वाईट झालंय, आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘कळलं का गं शेवटी तुला?’

‘म्हणजे तुला माहीत होतं?’

‘त्याने त्याच दिवशी सांगितलं होतं मला, जिन्यात. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू. तर माझा हात धरला. म्हणाला, “आत्या, तिने बाबांना काय सांगितलंय ते ऐकलंस ना? आता तिची चूक काढली तर ती त्यातून उठायची नाही. राहू दे. मला बोलतेय तर बोलू दे.” सात वर्षं पोटात ठेवलंय बाई मी. त्याने शपथ घातली होती.’

आत्याच्या पोटात गोष्ट राहिली, सात वर्षं! तिच्या पोटात सकाळचं दुपारपर्यंत राहत नाही. मग मला कळलं की तू किती गळ घातली असशील.

आणि तू घरी यायचा का थांबलास तेही कळलं. माझ्यासमोर बसलास तर एक ना एक दिवस तोंडून निघून जाईल, म्हणून आलाच नाहीस. मी इथे नातेवाइकांना सांगत बसले की बघा, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून येत नाही.

आता हे पत्र का टाकत नाही ते सांगते. माझं बारा तारखेचं पत्र तुला परवाच मिळालं असणार. ते वाचून तू फाइलवालीला फोन करून ‘माझं नाव काढा’ म्हणालास तर तुझं काही चुकणार नाही, आणि मी मरेन. आत्ता हे पाठवलं तर तू थांबशील. मला ते कळतंय. हात शिवशिवतोय. कुरियरवाला गल्लीच्या तोंडाशीच बसतो. पण तुझा मगज हवा असताना मी माफी मागितली, तर ती माफी कसली? तू आयुष्यभर विचार करशील की ताईला खरंच वाटलं, की जीव वाचवायचा होता. मलाही कळणार नाही. मी माझ्या मनाचा भरवसा देऊ शकत नाही, इतकी मी घाबरलेली आहे.

निकाल लागेपर्यंत हे कपाटात राहील. देवा, मला हे पाठवायची बुद्धी होऊ देऊ नकोस, आणि त्याला नाव काढायचीही होऊ देऊ नकोस.

ताई

४ मार्च, सकाळ

ढब्बू,

जुळलं नाही.

पूर्ण नाही, अर्धंही नाही. चारातली ती एक फेरी आपल्या वाट्याला आली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला आणि मी आधी हसलेच. म्हटलं, एकाच आईबापाची, एका ताटात जेवलेली, आणि कण म्हणून सारखा नाही. फाइलवाली तोंड फिरवून रडत होती. म्हणाली, ‘त्यांना काल कळवलं. त्यांनी तीनदा विचारलं, पुन्हा तपासता येईल का. दुसऱ्या गालाचा घ्या म्हणाले.’ दुसऱ्या गालाचा! अरे वेड्या.

तू नाव काढलं नव्हतंस. बारा तारखेचं पत्र वाचूनही काढलं नव्हतंस.

आता अनोळखी दात्यांच्या यादीत शोधणार आहेत. कुणी ना कुणी मिळेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किती दिवसांत मिळेल आणि तोवर माझ्याकडे किती दिवस आहेत, असं विचारलं, तर फाइल चाळायला लागल्या. मी एकतीस वर्षं लोकांना गाडी किती वाजता येणार ते सांगितलंय. उत्तर माहीत नसलं की माणूस कागद चाळतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या भावोजींनी बहिऱ्या कानाचं निमित्त करून ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी आल्यावर मला म्हणाले, ‘चांगलंच बोलल्या ना बाई?’ मी म्हटलं, हो, चांगलंच बोलल्या.

सोबत वीस तारखेचं पत्र आहे, आधी ते वाच. एकही शब्द खोडलेला नाही, जसं होतं तसं ठेवलंय.

मी तुला बोलले तेव्हा घरात जी माणसं होती त्यांतली नऊ हयात आहेत. काल आणि परवा मी नवांनाही फोन केले. प्रत्येकाला सगळं सांगितलं, बाबांना मी काय म्हटलं होतं तेसुद्धा. मोठे काका म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढतेस? तुझी तब्येत सांभाळ.’ मी म्हटलं, काका, तेव्हा मी त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही मान डोलावली होती, आता ऐकून घ्या. ऐकलं त्यांनी. मामी रडली. चुलतभाऊ म्हणाला, मला तेव्हाच शंका आली होती. आली होती तर तोंडात काय गुळणी धरली होतीस, असं विचारल्यावर फोन कट झाला. एवढ्याने काही भरून येत नाही, मला माहीत आहे. पण तुझ्यावर जे लोकांसमोर घातलं, ते लोकांसमोरच काढायला हवं होतं.

भावोजींना सगळ्यात शेवटी सांगितलं. ते म्हणाले, ‘हे त्याने एकट्याने सांभाळलं?’ आणि उठून तुझा आणि बाबांचा जुना फोटो पुसत बसले.

आता तुझ्याकडून मला मिळण्यासारखं काहीही उरलेलं नाही. म्हणून आता म्हणते. ढब्बू, माझं चुकलं. तू निघाला होतास. एक मिनिट न थांबता निघाला होतास, आणि बाबा विचारत होते तेव्हा तू त्यांच्याकडेच येत होतास. मी त्यांना खोटं सांगितलं आणि तुला त्याची शिक्षा दिली. तू ती घेतलीस, कारण खरं कळलं तर मी मोडेन असं तुला वाटलं. मोडले आहेच. पण हे ओझं तू घेऊन फिरावंस असं नको मला. माझं आहे, माझ्याकडे दे.

बाबांना खरं सांगायला मी कुठे जाऊ? या आजाराचा रंग बघता लवकर गाठ पडेलही, तेव्हा पहिलं हेच सांगेन. पण त्याआधी तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचंय मला. पत्रात सांगितल्याने समाधान होत नाहीये. दिवसातून दहा वेळा वाटतं की तू दारात उभा आहेस, हातात बॅग आहे, आणि या वेळी मी तुला आत घेते.

फोन कर, रागव, हवं ते बोल. रजा मिळत नसेल तर तसं सांग, मी रुसणार नाही. पण जमत असेल तर ये रे. तुझा आता काही उपयोग नाही मला, तरी ये.

ताई